भरलेली गाडी, रिकामी गाडी

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, किरुना हे खाणीचे गाव आहे. तेथील लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात पोहोचविण्यासाठी डोंगर फोडून सुमारे १७० किलोमीटरचा लोहमार्ग घालण्यात आला. १९०३ साली त्याचे उद्घाटन झाले. या खटाटोपामागचा हिशेब साधा होता. बाल्टिक समुद्राच्या बाजूचे लुलेओ बंदर हिवाळ्यात गोठत असे. नार्विकचे पाणी मात्र उष्ण सागरी प्रवाहामुळे बारमाही मोकळे राहते. माल बारा महिने निघावा, एवढाच हेतू.

या मार्गाची उभारणी चालू असताना, १८९९ साली, बोर्ग मेश नावाचा छायाचित्रकार किरुनात आला आणि तेथेच स्थायिक झाला. रूळ टाकणाऱ्या मजुरांचे कष्ट आज डोळ्यांना दिसतात, ते बव्हंशी त्याच्यामुळे. त्याच डोंगरांत आज दूरदूरचे छायाचित्रकार मालगाडीची वाट पाहत उभे असतात.

ही मालगाडी सामान्य नव्हे. ६८ वाघिणी, सुमारे पाऊण किलोमीटर लांबी आणि मालासह ८,००० टनांहून अधिक वजन. नवखा छायाचित्रकार तिच्या जवळ जाऊ पाहतो आणि त्याच्या हाती दोन इंजिने व चार वाघिणी एवढेच लागते. जाणकार दूर, उंचावर जातो. तोर्नेत्रेस्क सरोवर, मागे बर्फाच्छादित शिखरे आणि मधून सरकणारी एक बारीक रेघ, असे चित्र घेतले म्हणजे गाडी लहान दिसते. परंतु तिने किती मोठ्या प्रदेशाशी सामना मांडला आहे, हे तेव्हाच उमगते.

हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पसरतो, तेवढ्यातच काम साधावे लागते. थंडीने बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवतात. शुभ्र बर्फ कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवितो व चित्रात राखाडी उतरतो. तेव्हा प्रकाश मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. ताज्या बर्फात विजेच्या गाडीचा आवाजही दबतो. म्हणून रुळांपासून दूर राहणे हा तेथील पहिला नियम आहे. चित्र हुकले तर पुढची गाडी आहे. पाय चुकला तर दुसरी संधी नाही.

बहुतेकांना पश्चिमेकडे जाणारी भरलेली गाडी हवी असते. परतणाऱ्या रिकाम्या गाडीसाठी कोणी थांबत नाही. वास्तविक या दोन गाड्यांचे नाते मोठे विलक्षण आहे. सरहद्दीपासून समुद्रापर्यंत सुमारे ५०० मीटरचा उतार आहे. भरलेली गाडी तो उतरताना ब्रेक लावते, तेव्हा तिच्या मोटारी वीज निर्माण करून तारांत परत सोडतात. रिकाम्या गाडीला पुन्हा सरहद्दीपर्यंत चढण्यास ती वीज पुरते. जाणारीने कमवावे आणि येणारीने त्यावर घर गाठावे, असा हा व्यवहार आहे.

हा मार्ग एकेरी असल्याने त्याचे मोल तो थांबला की कळते. डिसेंबर २०२३ मध्ये खनिजाची एक गाडी रुळांवरून घसरली आणि काही किलोमीटर मार्ग उखडला. वाहतूक सुमारे दोन महिने बंद राहिली. फेब्रुवारीत ती सुरू होते न होते तोच पुन्हा एक गाडी घसरली. खाणीत माल निघत होता, बंदर मोकळे होते, गिऱ्हाईकही होते. तरी खनिजाचे ढीग किरुनातच साचत राहिले.

पेढीवर बसणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाठविलेला माल जसा धंद्याचा, तसे परत आलेले रिकामे वाहनही धंद्याचेच. ते परतले नाही तर उद्याचा माल कशात भरणार? त्या डोंगरात उभ्या असलेल्या छायाचित्रकाराने भरलेली गाडी टिपल्यावर आणखी थोडा वेळ थंडी सोसावी आणि रिकामी गाडीही टिपावी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे त्या मार्गाचा जमाखर्च पुरा होतो.