मुक्तद्वार आणि देवघेव

परवा एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या महिला मंडळाला वेबसाईट करायची आहे. ज्यांच्याकडे त्या चौकशीला गेल्या होत्या त्यांनी सांगितलं, "वेबसाईट आता कोण करतं मॅडम? हल्ली सगळे वेब ॲप्लिकेशनच करतात. लॉगिन, डॅशबोर्ड, सगळं येतं त्यात." किंमत अर्थातच पाचपट. बाई म्हणाल्या, "तुम्ही यातले आहात, तर काय करावं ते सांगा."

मी म्हटलं, सल्ला नंतर देतो, आधी माझी एक चूक ऐका. फोन ठेवल्यावर वाटलं, ती इथेही लिहून ठेवावी. झाली तर कोणाला मदत होईल, नाहीतर निदान माझ्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

आमच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीने ठरवलं की वाचनालय 'ऑनलाइन' न्यायचं. मी गावचा, पुण्यात कॉम्प्युटरमध्ये नोकरीला, म्हणून सल्लागार मी. काय काय हवंय त्याची यादी केली. वाचनालयाच्या वेळा, वर्गणीचे दर, दर महिन्याला आलेली नवी पुस्तकं, व्याख्यानमालेची पत्रिका, आणि वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून. बस्स. ही यादी आज वाचली की मला माझीच लाज वाटते, कारण यातली एकही गोष्ट अशी नाही की जिला वाचण्यापलीकडे काही करावं लागतं.

पण बैठकीत कोणीतरी म्हणालं, "साधी पानं काय, शाळेतली पोरंही करतात. आपण काहीतरी भारी करू." आणि मी, ज्याला फरक कळत होता, तो गप्प बसलो. गप्प बसलो म्हणणंही खोटं, मला ते आवडलं होतं. नव्या तंत्राचं काहीतरी आपल्या नावावर लागेल असं वाटलं. देणगीच्या पैशातून वेब ॲप्लिकेशन झालं. सभासदाने मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, मग आत जायचं. स्मरणिकासुद्धा आत, एका फिरत्या पानांच्या खिडकीत.

उद्घाटन झालं, नारळ फुटला, पेढे वाटले.

मग हळूहळू एकेक कळायला लागलं. आमचे निम्मे सभासद निवृत्त. त्यांच्या जुन्या फोनवर पांढरा पडदा यायचा आणि एक गोल फिरत राहायचा. ते सरळ वाचनालयात फोन करून विचारायचे, "आज उघडं आहे का हो?" अमेरिकेत असलेल्या एका ताईंना त्यांच्या वडिलांचा स्मरणिकेतला लेख वाचायचा होता, पण त्यांच्या तिकडच्या नंबरवर ओटीपी जाईना. त्यांनी दोन-तीनदा इमेल केली. आम्ही दर वेळी "लवकरच दुरुस्त करतो" असं उत्तर दिलं.

तिसऱ्या वर्षी देखभालीचा करार संपला. नूतनीकरणाची रक्कम ऐकून कार्यकारिणीने हात वर केले. काही महिन्यांनी सगळं बंद पडलं. आम्ही आमचा मजकूर परत मागितला तेव्हा डेटाबेसची एक फाईल मिळाली. तिच्यात स्मरणिकांची नावं होती, वर्षं होती, पानं नव्हती. स्कॅन केलेली चित्रं जिथे साठवली होती त्या जागेचं भाडं थकलं होतं आणि ती जागा केव्हाच रिकामी झाली होती. मी शेवटचा उपाय म्हणून इंटरनेट अर्काइव्हमध्ये शोधलं. हे लोक १९९६ पासून जगभरची वेबपानं साठवून ठेवतात. आमचंही पान त्यांनी साठवलं होतं. कुठलं? "मोबाईल नंबर टाका" एवढंच म्हणणारं. त्याच्या आत ते तरी कसे जाणार!

मूळ छापील अंक कपाटात होते. त्यातले दोन वाळवीने खाल्ले. "स्कॅन केलंय ना, मग काय काळजी" असं म्हणून कोणी त्या कपाटाकडे पाहिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. हा फरक समजायला कॉम्प्युटर यायला लागत नाही, आपल्या कोणत्याही जुन्या वाचनालयात जाऊन उभं राहिलं तरी पुरे. तिथे दोन विभाग असतात. एक मुक्तद्वार. कोणीही यावं, बाकावर बसावं, वर्तमानपत्र वाचावं आणि जावं. नाव-गाव कोणी विचारत नाही. दुसरा देवघेव विभाग. तिथे कार्ड लागतं, नोंद होते, कारण तिथे काहीतरी बदलतं: पुस्तक तुमच्या नावावर चढतं, परत केलं की उतरतं. वेबसाईट म्हणजे मुक्तद्वार. वेब ॲप्लिकेशन म्हणजे देवघेव. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या माणसाला आपण कधी देवघेवीच्या रांगेत उभं करत नाही. मग वेबवर आलो की आपली अक्कल कुठे जाते?

आतली यंत्रणाही अशीच वेगळी. साध्या पानाचं काम सोपं: ब्राउझर पान मागतो, सर्व्हर लिहून तयार असलेली फाईल पाठवतो, तुम्ही वाचता. हल्लीच्या बऱ्याच ॲप्लिकेशनमध्ये आधी एक रिकामा सांगाडा येतो, मग जावास्क्रिप्टचं भलंमोठं गाठोडं येतं, ते तुमच्या फोनला चालवावं लागतं, मग ते सर्व्हरकडे माहिती मागतं आणि मग पडद्यावर अक्षरं उमटतात. यातली एक पायरी निसटली की पांढरा पडदा. रेल्वेचं तिकीट काढण्यासाठी हा खटाटोप समजू शकतो. "गुरुवारी वाचनालय बंद" हे कळण्यासाठी?

तुम्ही म्हणाल, हा माणूस नव्याला नाकं मुरडतोय. तसं नाही. २००२ साली रेल्वेचं आरक्षण इंटरनेटवर सुरू झालं, त्याने किती जणांची पहाटेची रांग वाचवली! २००४ चं जीमेल, २००५ चे गुगलचे नकाशे, यांनी दाखवून दिलं की ब्राउझरमध्ये खरंखुरं काम करता येतं. नकाशा बोटाने सरकवायचा तर दर वेळी नवं पान मागवून कसं चालेल? बँकेचा व्यवहार, परीक्षेचा अर्ज, हिशेबाची वही, या ठिकाणी ॲप्लिकेशनच हवं. तिथे कोणी साधी पानं करून "अर्ज डाउनलोड करा, भरा आणि आणून द्या" म्हणत असेल तर मी त्याच्याशीही भांडेन.

माझं भांडण आहे ते 'भारी'शी. वेबसाईट ही गरिबाची आणि ॲप्लिकेशन हे श्रीमंताचं, अशी जी एक समजूत पसरली आहे तिच्याशी. ती कोण पसरवतं हेही उघड आहे. साधी पानं एकदा करून दिली की करणाऱ्याला दर वर्षी मागायला फारसं काही उरत नाही. ॲप्लिकेशनला मात्र डेटाबेस हवा, सुरक्षेची दुरुस्ती हवी, आणि ती दर वर्षी हवी. वर, लोकांचे मोबाईल नंबर आणि पत्ते गोळा केलेत की ते सांभाळायची जबाबदारी आली. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. गरज नसताना ही जोखीम गळ्यात घ्यायचीच कशाला?

आणि टिकण्याचं काय? टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये केलेली जगातली पहिली वेबसाईट १९९१ साली सगळ्यांसाठी खुली झाली. तिची १९९२ ची प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. ती पानं आजच्या फोनवर काहीही न बदलता वाचता येतात. उलट एकेकाळी ज्याच्यावाचून 'भारी' साईट होतच नसे, त्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्यात केलेल्या असंख्य साईट एका फटक्यात मुक्या झाल्या. दोन्हीतला फरक हुशारीचा नाही. एक साधा मजकूर होता, दुसऱ्याला चालवायला यंत्र लागत होतं. यंत्र गेलं, मजकूरही गेला.

मधल्या सीमेवरच्या गोष्टी असतात, हे मान्य. वाचनालयाला पुढेमागे घरबसल्या पुस्तक राखून ठेवायची सोय करायची असेल तर तेवढा एक कोपरा ॲप्लिकेशनचा करावा. खुशाल करावा. पण बाकीच्या पानांना त्या कोपऱ्यातून जायला लावू नये.

म्हणून त्या बाईंना मी तीनच प्रश्न दिले. येणारा माणूस वाचायला येतोय की काही करायला? त्याला दिसणारी गोष्ट दुसऱ्याला दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे का? आणि उद्या मंडळाकडे पैसे संपले, तर हे सगळं एका पेनड्राइव्हवर उचलून दुसरीकडे नेता येईल का? पहिल्याचं उत्तर 'वाचायला' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर वेबसाईट करा, आणि कोणी हसलं तर हसू द्या. करणं आलंच, तर ॲप्लिकेशन करा, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. मी ते घेतलं नव्हतं.

वाचनालयाची आता साधी पानं आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि ग्रंथपाल बाईंनी बसून उरलेल्या स्मरणिका पुन्हा स्कॅन केल्या. कोणीही उघडाव्यात, कुठूनही उघडाव्यात. अमेरिकेतल्या त्या ताईंना मी स्वतः कळवलं.

त्यांच्या वडिलांचा लेख मात्र त्या दोन अंकांपैकी एकात होता.