पुढे धाडलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारी. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा त्यांच्या आधीच त्या मुलखात पोहोचली होती. तिची दवंडी कोणी पिटली नव्हती, की ती कोणा वृत्तपत्राने छापली नव्हती. व्हॉट्सअॅपवरील समूहांतून, या खिशातून त्या खिशात ती हिंडत होती, आणि तिच्याखाली कोणाचीही सही नव्हती.

या घटनेवरून त्या साधनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा मात्र उतावळेपणा होईल. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या संकेतस्थळाने परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हक्काचा कट्टा मिळवून दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचे नळकांडे कोठे मिळेल, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, हे अनेकांना कळले ते अशाच समूहांतून. ज्यांच्या घरी त्या दिवसांत रुग्ण होता, त्यांना हे उपकार कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु ज्या गुणामुळे हे साधन तारते, त्याच गुणामुळे ते मारते. वेग हा एक गुण आणि आपलेपणा हा दुसरा. अनोळखी माणसाने भिंतीवर चिकटविलेला कागद आपण संशयाने वाचतो. तोच मजकूर मामांनी किंवा जुन्या वर्गमित्राने धाडला की तो खराच असणार, असे मन सांगते. मामांनाही तो दुसऱ्या कोणीतरी धाडलेला असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्या एप्रिलमध्येही साठा संपलेल्या दुकानांचे क्रमांक कितीतरी दिवस फिरत राहिले आणि घायकुतीस आलेले नातेवाईक ते फिरवीत बसले. वार्ता धाडणारे शंभर. ती आता खरी उरली नाही, असे सांगण्यास परतणारा एखादाच!

यावर कायद्याचा बडगा हवा, असे म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावे. तेथे नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनापायी दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले, हे योग्यच झाले. संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात घातली. तिने वेग घटेल, विवेक येणार नाही. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर, समूहचालकाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये स्पष्ट केले. तो निर्णय न्याय्यच आहे. पण गुन्ह्यातून सुटका झाली म्हणजे कर्तव्यातूनही सुटका झाली, असा अर्थ कोणी काढू नये.

राईनपाड्याच्या जमावाला अडाणी म्हणून मोकळे होणे सुशिक्षितांना सोपे वाटते. पण असाध्य रोगावरील घरगुती उपाय, कोणा ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी घातलेली बनावट वचने, एखाद्या जमातीवरील निराधार आरोप, हे सारे पदवीधरांच्या, डॉक्टर-वकिलांच्या समूहांतूनही रोज सकाळी सुप्रभातासोबत वाटले जात नाही काय? ‘आले तसे पुढे धाडले’ ही चार शब्दांची सबब सांगितली, की आपले हात स्वच्छ! काठी उगारणारा हात न्यायालयाला ओळखता येतो. त्या हाताला निमित्त पुरविणारे शेकडो अंगठे निनावीच राहतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की ज्या मजकुराखाली स्वतःची सही करण्याची आपली तयारी नाही, तो पुढे धाडू नये. आणि चुकून धाडलाच, तर जेथे तो धाडला तेथेच चूक कबूल करावी. सभेच्या अध्यक्षाप्रमाणे समूहचालकाने वेळीच ‘हे कोठून आले?’ असे विचारावे. या प्रश्नाने एखादे वेळी मामा रुसतील. रुसलेल्या मामांची समजूत काढता येते. राईनपाड्याहून परत न आलेल्या पाच जणांच्या घरच्यांची समजूत कोण काढणार?