नळ मोजू नका, दाब मोजा



१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरोघर नळ, मुदत २०२४. ती मुदत उलटून गेली. किती नळ बसले याचे आकडे कचेरीत तयार असतात. शेवटच्या वस्तीवरच्या नळाला पाणी चढते का, हे मात्र घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईलाच ठाऊक.

ज्यांनी ठिबक टाकले त्यांना दाब शिकवायला नको. प्रेशर कमी पडले की पहिल्या ओळीतली कपाशी टवटवीत दिसते आणि शेवटची माना टाकते. नळयोजनेचे शास्त्र हेच. टाकीतले पाणी नळाच्या १० मीटर वर असेल तर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब मिळतो. तो वाटेत नळीच्या घर्षणात खर्ची पडतो. नळी बारीक, वस्ती लांब आणि सगळे नळ एकदम उघडे असले की शेवटी उरते ती हवा. सरकारच्याच १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली घरापाशी किमान ७ मीटर आणि दुमजली घरापाशी १२ मीटर दाब राहावा, असे लिहिले होते.

सोलापूर शहराकडे पाहा. उजनी १९८० साली पुरे झाले. साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. तेथून शंभरावर किलोमीटर नळ टाकून शहराला पाणी आणले. तरी वर्षानुवर्षे शहराने तीन-चार दिवसांआड पाणी भरले. धरण उशाला, कोरड घशाला! पाणी पाळीने सोडले की मधल्या दिवसांत नळी रिकामी होते. पाणी येताच जो तो नळावर मोटार लावतो. मोटारवाला ओढून घेतो, गरीब बघत राहतो. रिकामी नळी फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढते. कावीळ आणि गॅस्ट्रो त्याच वाटेने घरात शिरतात.

याची किंमत शेतकरीही मोजतो. रोज १७० दशलक्ष लिटर पाणी बंद नळीतून नेले तर वर्षाला सव्वादोन टीएमसीसुद्धा लागत नाही. तेच पाणी टाकळीच्या उपशासाठी नदीतून पोचवायचे म्हटले की एकेका पाळीला पाच-सहा टीएमसी सोडावे लागले. वाटेत वाळूने प्यायले, उन्हाने प्यायले. चोर ठरला तो नदीकाठचा शेतकरी. वीज तोडली ती त्याच्या मोटारीची. जून २०२४ मध्ये उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या घरात गेला, तेव्हा थेंबाथेंबाचा हिशेब सांगितला गेला तो शेताला.

शहराशी आमचे भांडण नाही. तिथली विडी वळणारी बाई आणि मार्केट यार्डातला हमाल आमच्याच घरचे. भांडण आहे ते नासाडीशी.

आणि उपाय काही परदेशातून आणायचा नाही. कराडशेजारच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केले. पाणी जास्त लागेल ही भीती खोटी ठरली. नळाला कधीही पाणी येणार म्हटल्यावर भांडी भरून ठेवायची आणि शिळे म्हणून ओतायचे कारण उरले नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. पुढच्या ग्रामसभेत नळांची संख्या विचारू नका. टाकीचा तळ सर्वात उंच घरापेक्षा किती मीटर वर आहे, हे विचारा. शेवटच्या नळावर शंभर रुपयांना वर्षे लोटलेल्या बादलीने मोजा: ती किती मिनिटांत भरते? पंपाचे वीजबिल कोण भरणार, हे ठरावात लिहून घ्या. थकलेल्या बिलापायी बंद पडलेल्या योजना या जिल्ह्याला नव्या नाहीत. नळावरच्या मोटारी आपल्या गावात आपणच काढू, मग दुसऱ्याला सांगू. आणि शेवटच्या घराला पाणी चढेपर्यंत काम पुरे झाल्याच्या कागदावर सही करू नका.

आपण कायम टेलचे शेतकरी. चारीच्या शेवटी पाणी पोचत नाही म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला कळणार? मग नळाच्या शेवटी असलेल्या घराची बाजू आपणच घेतली पाहिजे.