ऑक्टोबरात घसरणारा आकडा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचे कळीचे आठवडे नेमके ऑक्टोबर हीटमध्ये येतात. पाऊस सरलेला, थंडीचा पत्ता नाही आणि हवेत दमटपणा कोंडलेला. पहाटे साडेपाचला मरिन ड्राइव्हवर उतरलेल्या माणसाचा टी-शर्ट पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच अंगाला चिकटतो. याच दिवसांत मनगटावरचे घड्याळ त्याला कळवते की, तुमची क्षमता घसरली. व्हीओटू मॅक्सचा आकडा खाली येतो, सरावाला ‘अनप्रॉडक्टिव्ह’ असा शेरा मिळतो. माणूस बेचैन होतो. दुसऱ्या दिवशी ठरलेला इझी रन सोडून तो जोर लावून पळतो. हे आठवडाभर चालले की नडगी दुखायला लागते, सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते, आणि शर्यतीच्या तोंडावर फिजिओथेरपिस्टकडे खेटे सुरू होतात.

एवढी किंमत मोजण्याइतका तो आकडा भरवशाचा आहे का? व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, त्याचे माप. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. ते माप खरोखर घ्यायचे तर आजही तोंडाला मास्क लावून, पार थकेपर्यंत ट्रेडमिलवर धावावे लागते आणि श्वासातले वायू तपासावे लागतात. घड्याळ यातले काहीच करत नाही. ते वेग आणि हृदयाचे ठोके यांची सांगड घालून अंदाज बांधते. अमुक वेगाला ठोके कमी पडले तर क्षमता वाढली, जास्त पडले तर घटली, एवढाच त्याचा हिशेब. दमट हवेत घाम सुकत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामावाटे पाणी जाते, दर ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढायला हृदय जलद चालते. वेग तोच राहतो, ठोके मात्र वाढतात. काही घड्याळे तापमान धरून दुरुस्ती करतात, तीही अंदाजानेच. घाम फुटला म्हणून फुप्फुसांची आणि स्नायूंची महिन्याभराची कमाई वाया गेलेली नसते.

मुळात ठोके तरी बरोबर मोजले जातात का? घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या लाटेनुसार परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो तो टिपते. पट्टा सैल असेल तर ते पावलांच्या ठेक्यालाच ठोके समजून बसते. मिनिटाला १७० पावले पडत असतील तर गप्पा मारत धावणाऱ्याचेही ठोके १७० दिसतात. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून तो जास्त खात्रीचा. त्यातून ‘झोन टू’ची, म्हणजे सावकाश धावण्यासाठीच्या ठोक्यांच्या टप्प्याची, सीमा बहुतेकदा २२० वजा वय या सूत्रावर आखलेली. या सूत्रात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पंचेचाळिशीतल्या दोघांना घड्याळ १७५ हीच कमाल मर्यादा देईल; प्रत्यक्षात एकाची १६५ असेल, दुसऱ्याची १८६. कॅलरींचे तर विचारूच नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात उपकरणे तपासली, तेव्हा कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक ठरलेल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के निघाली होती.

सावकाश धावण्याला घड्याळाच्या या हिशेबात फारसे गुण मिळत नाहीत, याचे मला खरे दुःख आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेलला आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत धावायला लावले, तेही बहुतांशी शर्यतीपेक्षा कितीतरी कमी वेगाने. स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. संथ धावण्याने स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि हाडांना महिने लागतात, आणि तो वेळ त्यांना इझी रनच मिळवून देतो.

वेग सोपा आहे की नाही, हे ओळखायला सोबतीला कुणी असले की पुरते. मुलाची परीक्षा कधी, गावाला कधी जाणार, असे पूर्ण वाक्य मध्ये धाप न लागता बोलता आले की वेग बरोबर. वाक्य तुटायला लागले की कमी करायचा, चढावर चालायलाही हरकत नाही. स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी श्रम किती वाटतात हे सांगण्यासाठी ६ ते २० अशी श्रेणीच तयार केली, आणि डॉक्टर ती आजही तपासणीत वापरतात. धावणाऱ्याला काय वाटते ते ऐकण्याजोगे आहे, असे वैद्यकशास्त्रच मानते.

घड्याळ काढून ठेवा असे माझे म्हणणे नाही. वेळ आणि मोकळ्या आकाशाखालचे अंतर ते चांगले सांगते. पहाटे अंथरुणातले ठोके दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा बरेच वर दिसले तर विश्रांती घ्यावी, ताप येऊ घातलेला असू शकतो. तुलना करायची तर या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरशी करावी. रनिंग ग्रुपच्या प्रशिक्षकांनी हे सीझनच्या सुरुवातीलाच समजावून सांगावे आणि व्हॉट्सअॅपवर स्कोअरचे स्क्रीनशॉट टाकण्याची चढाओढ थांबवावी.

आणखी एक गोष्ट त्यांनी नक्की सांगावी. छातीत दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून मदत मागायची. घड्याळात फिटनेस ‘एक्सलंट’ दिसत असला तरीही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अवस्था त्या आकड्यातून कळत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी शर्यतीला नाव देण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.