पडवींतील विचार : हुंडीसकट रोप

पोफळीचें किंवा कलमी आंब्याचें रोप एका वाडींतून दुसऱ्या वाडींत न्यावयाचें झाल्यास आमच्या अष्टागरांतील माणूस तें नुसतें उपटून नेत नाहीं. मुळांभोंवतीं मातीची हुंडी राखून, ती सुंभानें बांधून, तो मातीसकट रोप उचलतो. हा दृष्टान्त प्रारंभींच देण्याचें कारण असें कीं, आजचा विषय संगणकाचा आहे, आणि संगणकाचें नांव काढतांच पान उलटणारे वाचक आमच्या परिचयाचे आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीही त्यांतलेच होतों.

इ. स. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हां आमचे दोन पुतणे व एक पुतणी आपापल्या पुण्याच्या नोकऱ्या बरोबर घेऊनच घरीं येऊन राहिलीं होतीं. फावल्या वेळांत तिघांनीं मिळून एका शाळेसाठीं फी व हजेरी यांचें सॉफ्टवेअर लिहावयास घेतलें. आठ दिवसांतच माजघरांत तंटे सुरू झाले. एक चूक दोघांनींही दुरुस्त केली, दुसरी कोणीच केली नाहीं, आणि तिसरी दुरुस्त झाली कीं नाहीं हें कोणास ठाऊक नाहीं! पस्तीस वर्षें शाळेचें दप्तर पाहिलेल्या आम्हांस रोग तेव्हांच कळला. काम होतें, पण कामाची वही नव्हती.

अशी वही संगणकावर ठेवणारीं साधनें पुष्कळ आहेत. १९९८ मध्यें मोझिलाच्या मंडळींनीं बगझिला सर्वांस खुलें केलें. २००२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील ॲटलासियननें जिरा काढलें. २००६ मध्यें रेडमाइन आलें. रेडमाइन विनामूल्य आहे. त्यांत प्रत्येक कामास क्रमांक मिळतो. तें कोणाकडे आहे, केव्हांपर्यंत व्हावयाचें, किती टक्के झालें, हें घरांतील कोणत्याही संगणकावरून एका दृष्टिक्षेपांत दिसतें. मुलांनीं तेंच पसंत केलें.

परंतु रोप आलें, माती मानवेना. रेडमाइन रूबी नांवाच्या भाषेंत, रेल्स नांवाच्या सांगाड्यावर उभारलेलें आहे. त्यास ठराविक आवृत्तीची रूबी लागते, नोंदी सांठविणारा डेटाबेस लागतो, पानें पुरविणारा वेब सर्व्हर लागतो. आणि यांपैकीं एकाची आवृत्ति दुसऱ्याशीं जुळली नाहीं कीं सगळाच संसार अडून बसतो. थोरल्या पुतण्याच्या तीन रात्री यांत गेल्या. चौथ्या दिवशीं त्यानें इंटरनेटवरून एक सिद्ध यंत्र उतरवून घेतलें, आणि अर्ध्या तासांत वही सुरू झाली.

हें आम्हांस रुचलें नाहीं. जें स्वतः मांडलें नाहीं तें कळलें कसें म्हणावें, असें आम्हीं बोलून दाखविलें. त्यावर आमच्या वहिनी स्वयंपाकघरांतूनच म्हणाल्या, “भावोजी, गणपति तुम्ही दरवर्षीं पेणहून तयार आणतां. म्हणून पूजा आपली नव्हे काय?” आम्ही निरुत्तर झालों आणि पुतण्याजवळ जाऊन बसलों.

त्यानें सांगितलें तें असें. एका खऱ्या संगणकाच्या पोटांत दुसरा आभासी संगणक चालवितां येतो. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ही युक्ति नवी नव्हे, आय. बी. एम. कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत ती आपल्या अवाढव्य यंत्रांवर सिद्ध केली, आणि १९७२ मध्यें ती गिऱ्हाइकांपुढें मांडली. घरगुती संगणकावर ती १९९९ पासून व्हीएमवेअरनें आणली, आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स हें विनामूल्य साधन मिळूं लागलें. आतां अशा आभासी यंत्रांत कोणी जाणत्यानें आधींच रूबी, डेटाबेस, सर्व्हर आणि रेडमाइन बसवून, जुळवून, त्या सगळ्याची एकच फाइल करून ठेवली, तर आपणांस ती आपल्या यंत्रांत आयात करण्यापलीकडे काय उरतें? टर्नकी लिनक्स नांवाचा उपक्रम २००८ पासून अशीं यंत्रें देत आला आहे. हीच ती हुंडी. रोप आपल्या मातीसकट येतें.

ज्या घरांत मुलें हा उद्योग करूं पाहतील, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. फाइल मूळ कर्त्याच्याच ठिकाणाहून घ्यावी आणि तिच्यासोबत दिलेला पडताळ्याचा आंकडा जुळवून पाहावा. आपल्या संगणकाची सगळी स्मृति आभासी यंत्रास देऊं नये. पाहुण्यास खोली द्यावी, घर देऊं नये. कुलपाच्या किल्ल्या प्रथम बदलाव्या. नुसत्या रेडमाइनला आरंभीं ‘ॲडमिन’ हेंच नांव व ‘ॲडमिन’ हाच परवलीचा शब्द असतो, आणि तो साऱ्या जगास ठाऊक आहे. चौथी गोष्ट प्रतीची. यंत्राच्या आंतच घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे. सबंध यंत्र निर्यात करून तें दुसऱ्या ठिकाणीं ठेवावें.

ही चौथी गोष्ट आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. मेच्या आरंभीं पुतण्यानें यंत्राची प्रत पुण्यास एका मित्राकडे पाठविली. आमच्या गांवच्या जोडणीवर त्यास सारी रात्र लागली. पंधरवड्यानें तो पुन्हा पाठवूं लागला, तेव्हां आम्हींच त्यास थांबविलें. “परवांच तर पाठविलीस, रोज रोज कसला नैवेद्य?” असें आम्ही म्हणालों. वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून तो उठला.

३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर ते एकशें दहा किलोमीटर होता. वाडींतल्या पोफळी आडव्या झाल्या, माजघरावरचीं कौलें उडालीं, आणि ज्या संगणकाच्या पोटांत आमची वही होती तो चिंब भिजून कायमचा गेला. वीज कित्येक दिवस नव्हती. पुढें पुण्याची प्रत दुसऱ्या संगणकावर आयात केली, तों वही जशीच्या तशी उघडली. ना रूबी जुळविली, ना डेटाबेस. सिद्ध यंत्राचा खरा गुण आम्हांस त्या दिवशीं दिसला. परंतु वही उघडली ती मेच्या आरंभापर्यंतची. पुढचा सबंध महिना कोरा होता. मुलांनीं तो आठवून आठवून भरला. दोन कामें तरीही निसटलीं, आणि शाळेच्या फीच्या हिशेबांत तीं नंतर सांपडलीं. पुतण्यानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तो दिला असता तर बरें वाटलें असतें.

व्याकरणांत सिद्ध आणि साध्य असा भेद आम्ही मुलांस शिकवीत असूं. नाम सिद्ध वस्तु सांगतें, क्रियापद साध्य व्यापार सांगतें. तयार यंत्र हें नाम आहे, तें कोणी दिलें तरी चालतें. राखणें, नवें करणें, प्रत काढणें हें क्रियापद आहे, तें ज्याचें त्यानेंच चालवावें लागतें. लावणीचे कष्ट वांचले म्हणून शिंपणें वांचत नाहीं.

त्या पावसाळ्यांत वाडींत पोफळीचीं नवीं रोपें हुंडीसकट आणून लावलीं. त्याच सुमारास पुतणीनें वहींत एक काम नोंदविलें: “दर शनिवारीं प्रत बाहेर पाठविणें. जबाबदार: काका.” तें काम आजही आमच्याच नांवावर आहे, आणि तें शंभर टक्के झालें असें आम्हीं अद्याप लिहिलेलें नाहीं.