पिल्लू घरी आणण्यापूर्वी

मांजराच्या पिल्लाइतके मनाला चटकन वश करणारे दुसरे काही क्वचितच आढळेल. ओंजळीत मावेल एवढे अंग, अंगाच्या मानाने मोठे डोळे, स्वतःच्याच शेपटीशी चाललेले युद्ध आणि दमल्यावर जेथे असेल तेथेच लागलेली झोप! असे पिल्लू दृष्टीस पडले की ते आपल्या घरी असावे असे वाटू लागते आणि मग घरोघरी एक वाद सुरू होतो. मुले म्हणतात, "आणू या." आई म्हणते, "मुळीच नको." वडील वर्तमानपत्रात डोके घालून बसतात. या वादात कोणाची बाजू घ्यावी, असे मला कोणी विचारले, तर मी आधी एक निराळाच प्रश्न विचारीन : तुमच्या घराचे दार दिवसभर उघडे असते, की बंद?

मुलांनो, प्रश्न विचित्र वाटेल. परंतु सारे मर्म त्यातच आहे.

आमचे पिंगळी हे परभणी जिल्ह्यातील, परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे एक गाव. येथील जुन्या घरांतून मांजर मुद्दाम आणून पाळण्याची रीत फारशी नव्हती. माळवदाचे घर, पुढे ओसरी, आत धान्याच्या कणग्या आणि कणग्यांत ज्वारी. ज्वारी आली की उंदीर येत आणि उंदीर आले की मांजर आपल्या पावलांनी येई. तिला कोणी बोलावीत नसे आणि कोणी हाकलीतही नसे. सकाळी दूध तापले की तिच्या पुढ्यात थोडे दूध किंवा दूधभात पडे. बाकीचे पोट ती आपले आपण भरी. रात्री ती माळवदावर हिंडे. उकिरड्याजवळची भुसभुशीत माती उकरून ती आपला विधी उरकी आणि वर पुन्हा माती लोटी. लिंबाच्या खोडावर नखे घाशी आणि चूल निवाली की तिच्या उबेला येऊन वेटोळे करून झोपे. म्हणजे पाहा, तिचे अर्धे पालनपोषण घर करीत होते आणि अर्धे ती स्वतःच करीत होती.

हा व्यवहार आजकालचा नव्हे. माणूस धान्य पिकवून साठवू लागला, तेव्हा पश्चिम आशियातील रानमांजरे कोठारांतल्या उंदरांच्या लोभाने वस्तीजवळ आली आणि हळूहळू माणसाळली, असे संशोधक मानतात. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मांजर हा त्या बेटावरचा मूळचा प्राणी नव्हे; तेव्हा कोणीतरी ते नावेत घालून बरोबर नेले असले पाहिजे. इतकी जुनी ओळख असूनही मांजराने आपले स्वातंत्र्य पुरते कधी सोडले नाही. कुत्र्याने गळ्यात पट्टा बांधून घेतला. मांजराने मात्र दार उघडे ठेवून घेतले.

आता काळ पालटला आहे. गावातही सिमेंटची घरे झाली, धान्य पत्र्याच्या कोठ्यांत गेले. रस्त्यावर वाहनांची वर्दळ वाढली आणि गल्लीगल्लीतून कुत्र्यांच्या टोळ्या फिरू लागल्या. शहरांत तर चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेला अंगणच नाही. म्हणून मांजर घरातच ठेवावे, असा विचार पुढे आला आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. घरात नीट सांभाळलेले मांजर १२ ते १५ वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. बाहेर भटकणाऱ्या मांजराच्या वाट्याला एवढे आयुष्य क्वचितच येते. परंतु दार लावून घेताना आपण एक गोष्ट विसरतो. जो अर्धा भार ते मांजर स्वतः वाहत होते, तोही आता आपल्या शिरावर आला!

पोटाचेच घ्या. चित्रांतले मांजर नेहमी दूध पिताना दिसते. त्यामुळे दूध हेच त्याचे अन्न, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः पिल्लू मोठे होऊ लागले की दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती कमी होत जाते आणि कित्येक मोठ्या मांजरांचे पोट दुधाने बिघडते. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे तयार करता येत नाही. ते त्याला मांसमासळीतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर मांजराची दृष्टी अधू होते आणि हृदय दुर्बळ होते. ओसरीवरची मांजर दूधभातावर जगत होती, हा आपला भ्रम होता. दूधभात हा तिचा फराळ. जेवण कणगीमागे होत असे!

आमच्या गल्लीत एक माळकरी घर आहे. आजी पंढरीच्या वारकरी. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडेसुद्धा येत नाही. त्यांच्या सहावीत शिकणाऱ्या नातीला शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी एक हवे आहे. "आपण त्याला लहानपणापासून भाजीभाकरीची सवय लावू," असे ती म्हणते. कल्पना गोड आहे. पण मला ती मुळीच मान्य नाही. आपल्या श्रद्धेसाठी माणसाने आपले ताट बदलावे, हा त्याचा अधिकार होय. मांजराने गळ्यात माळ घातलेली नाही! उलट, आजींची श्रद्धाही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या स्वयंपाकघरात त्यांनी जन्मभर सोवळे जपले, तेथे मासळीचा वास यावा असे कोणी म्हणू नये. मग अशा घराने काय करावे? मागील पडवीत वेगळे भांडे ठेवून मांजरासाठी दुकानात मिळणारे मांसमासळीयुक्त तयार खाद्य देण्यास सर्वांनी मनापासून संमती द्यावी. नाहीतर पिल्लू आणूच नये. यांखेरीज जे काही होईल ते पिल्लाची उपासमार. मग तिला कितीही सात्त्विक नाव द्या.

पोटाखालोखाल इतर गोष्टी येतात. उकिरड्यावरच्या मातीऐवजी घरात वाळूचे घमेले ठेवावे लागते आणि ते रोज स्वच्छ करावे लागते. लिंबाच्या खोडाऐवजी सुतळी गुंडाळलेला खांब हवा. नाहीतर गाद्यांच्या खोळी आहेतच. खिडक्यांना जाळी हवी. सोबतीला खेळणारे कोणी हवे, कारण कोंडलेले आणि कंटाळलेले मांजर मोठे उपद्व्यापी असते. लांब केसांचे विलायती मांजर विकत आणण्याची हौस अलीकडे दिसते. परभणीच्या मे महिन्यात, जेव्हा आपल्यालाच अंगातला सदरा नकोसा होतो, तेव्हा त्या बिचाऱ्याने तो केसाळ कोट कोठे उतरवून ठेवावा?

वंशवृद्धीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटणारा नाही. मांजरी सहा महिन्यांची होण्याच्या सुमारास विण्यायोग्य होऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांत तिला पिल्ले होतात आणि वर्षातून दोनदा-तीनदाही होऊ शकतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत सुमारे तीनशे मांजरे असल्याचे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून उघडकीस आले आणि ती हलविण्याची नोटीस महानगरपालिकेला द्यावी लागली. ही वृत्ते वाचून लोक हसले. मला हसू आले नाही. एवढी मांजरे एका घरात साठतात, त्याअर्थी ती दुसऱ्या कित्येक घरांना नकोशी झालेली असतात. यावर उपाय एकच : वेळीच नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणे. आम्हां पिंगळीकरांना त्यासाठी फार लांब जावयास नको. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांना रेबीजच्या लसीविषयीही विचारावे. रेबीज केवळ कुत्र्यामुळेच होतो असे नव्हे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. आई रागावेल म्हणून ही गोष्ट लपवून ठेवू नये.

"पिल्लू आणले म्हणजे मुलांना जबाबदारी कळेल," असे कित्येक सुशिक्षित पालक म्हणतात. सारा जन्म शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्याने या विधानाला खरे तर मान डोलवावयास हवी. पण घडते ते असे : पहिले आठ दिवस घमेले मुले साफ करतात, पुढे आई करते. परीक्षा आली, सहल आली, मामाच्या गावाला जाणे आले. मांजराची भूक मात्र सुटीवर जात नाही. मुलांना धडा शिकविण्यासाठी पाटी-पेन्सिली आहेत. त्या कामी जिवंत प्राणी वापरू नये. म्हणून पिल्लाच्या वादात सर्वांत वजनदार मत त्या माणसाचे असावे, ज्याच्यावर हे काम शेवटी पडणार आहे. बहुतेक घरांत ते माणूस आई असते आणि तिचा 'मुळीच नको' हा दुष्टपणा नसून हिशेब असतो.

यावर कोणी म्हणेल, मग इतका खटाटोप करावाच कशाला? कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे आपण ऐकत आलो आहोत. मांजराला कोठली आली माया! हे मात्र मला पटत नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये मथी नावाची मांजर आहे. आईच्या मागोमाग तिनेही प्राण सोडला, हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना मांजराच्या मायेविषयी निराळे सांगावयास नको. शिवाय मांजर आडवे गेले की अपशकुन मानणारे आपले लोक षष्ठीदेवीचे वाहन म्हणून त्याच मांजराला मान देतात. तेव्हा या बाबतीत लोकमताचा फारसा आधार घेण्यात अर्थ नाही.

आणि एकदा आणलेले पिल्लू नकोसे झाले, तर? खेडेगावात यावर एक जुनी युक्ती आहे. पिल्लांना पोत्यात घालायचे आणि दूर कोठेतरी सोडून यायचे. लोक याला 'सोडणे' म्हणतात. जणू काही बंधनातून मुक्तच केले! घराच्या उबेत वाढलेल्या, शिकार न शिकलेल्या पिल्लाला ते भुकेच्या स्वाधीन करणे होय. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० मध्ये झाला. प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी राज्यसभेत आग्रह धरला होता. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. पोते खांद्यावर टाकून निघणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

तेव्हा माझे मत असे. ज्यांच्या घराला अंगण-ओसरी आहे, त्यांनी पिल्लू आणावे, शस्त्रक्रिया आणि लस वेळेवर करावी आणि निदान रात्री तरी त्याला घरात घ्यावे. ज्यांना दार बंदच ठेवावे लागते, त्यांनी पंधरा वर्षांचा हिशेब आधी मांडावा. तो जमत नसेल तर शेजाऱ्याच्या मांजराशी मैत्री करावी. तीही काही कमी आनंदाची नसते. आणि पिल्लू आणायचेच ठरले, तर ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. तोवर मांजरी त्याला स्वच्छतेपासून शिकारीपर्यंत जे शिकविते, ते आपल्याला शिकविता येत नाही.

माळकरी घरातील त्या नातीला मी हे सारे सांगितले. गोठ्यातली पिल्ले आता पाच आठवड्यांची झाली आहेत. आजींनी अजून होकार दिलेला नाही. परंतु मागील पडवीत मांजराचे भांडे नेमके कोठे ठेवता येईल, हे त्यांनी काल स्वतः जाऊन पाहिले, असे ती मला सांगत होती.