सतारीला मानांकन मिळाले. आता पाळी मिरजकरांची

‘विकास’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती कारखान्यांची धुराडी, रुंद रस्ते आणि पुढाऱ्यांच्या हस्ते बसणारी कोनशिला. गल्लीतल्या ओट्यावर भोपळा घासत बसलेला कारागीर त्या चित्रात सहसा नसतो. म्हणूनच २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण बातमी वाचली, अभिमानाने मान डोलावली आणि पान उलटले. या मानांकनाचा गावाच्या पोटापाण्याशी काय संबंध, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या धंद्याचा जन्मच मोठा बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, पण हातातले कसब सरले नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, तरी मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठका होत राहिल्या. गवई येत, त्यांच्याबरोबर वाद्ये दुरुस्तीला येत, आणि रेल्वेचे जंक्शन असल्याने तयार माल देशभर जाई. कला, आश्रय आणि दळणवळण एका ठिकाणी आले की बाजारपेठ उभी राहते, ती अशी.

आता एका तंबोऱ्याच्या किमतीचे काय होते ते पाहा. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतातून. तो वाळवून मुरवावा लागतो. मग दांडी जोडणारा, नक्षीकाम करणारा, पॉलिश करणारा आणि शेवटी घोडीवर जवारी काढून तारेला गोलाई देणारा, असे कितीतरी हात त्याला लागतात. त्यातला बराच पैसा मजुरीच्या रूपाने गावातच राहतो. तो किराणा दुकानात जातो, शाळेच्या फीत जातो, रिक्षावाल्याच्या खिशात जातो. ज्यांच्या घरात कधी सतार वाजली नाही, त्यांचाही या सतारीशी संबंध आहे तो असा.

मग मानांकनाने काय साधते? १९९९ च्या कायद्यानुसार, विशिष्ट भागात विशिष्ट रीतीने बनलेल्या वस्तूलाच त्या भागाचे नाव लावता येते. पण हे कवच आपोआप अंगावर चढत नाही. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मूळ नोंदणीही दहा वर्षांपुरती असते, पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. नकली माल कोणी विकत असेल तर तक्रारही आपणच करायची. मानांकन म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागण्यासारखे आहे. नाव लागले म्हणून पीक येत नाही.

शेजारचेच उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळाले. त्यात आपला सांगली जिल्हाही येतो. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि मूळचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा कुठे कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. त्या वेळी कागदापेक्षा लोकांची जागरूकता कामी आली.

मिरजेपुढचे संकट मात्र निराळे आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर मोबाइलवरच सूर मिळतो. दुसरीकडे, वर्षानुवर्षे शिकून मिळणाऱ्या मजुरीत भागत नाही म्हणून कारागिरांची मुले अन्य उद्योगांकडे वळत आहेत. त्यांना दोष कसा द्यायचा? आपण आपल्या मुलाला या कामाला लावू का, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे.

प्रत्येक घराने सतार विकत घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण शाळांनी सहलीला लांब जाण्याआधी मुलांना सतारमेकर गल्ली दाखवावी. घरात माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा तंबोरा खाली काढून दुरुस्तीला द्यावा. वाद्य घेताना ते कोणी घडवले हे विचारावे, आणि मजुरीत घासाघीस करू नये. मत मागायला येणाऱ्यांना, ‘या कारागिरांना कच्चा माल, कर्ज आणि शिकाऊ मुलांना विद्यावेतन मिळावे म्हणून काय केलेत?’ असे विचारावे.

शस्त्रे गेली तेव्हा मिरजेने त्या हातांना दुसरे काम दिले होते. ते देणारे संस्थानिक आज नाहीत. त्यांची जागा आता नागरिकांनीच घ्यायची आहे.